जावा शून्यापासून शिकताना: पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दर रविवारी सकाळी नागपुरात प्रतापनगरातल्या आमच्या घरी पाच-सहा मुलंमुली जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लॅपटॉप घेऊन बसतात. कुणी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, कुणी बीकॉम करून इकडे वळलंय. एक मुलगा दिवसा कळमन्याच्या बाजारात आडतीवर हिशेब लिहितो आणि रात्री शिकतो. नवीन येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, व्हिडिओ सगळे पाहिले, पण रिकामी फाइल उघडली की काही सुचतच नाही." नाहीतर, "ताई, प्रोग्राम चालूनच नाही राहिला."

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो. पहिल्याच दिवशी जड सॉफ्टवेअर टाकलं जातं, आठवडाभरात क्लास-ऑब्जेक्ट येतात, महिन्याभरात स्प्रिंग बूट (वेब-प्रोग्रामसाठीचा जावाचा तयार साचा) सुरू होतं, आणि मधली लूपची (तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेण्याची), कागदावरची, चुका वाचायची पायरी राहूनच जाते. म्हणून मी ज्या क्रमानं बसवते, तोच क्रम इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. या लेखात कॉपी करता येईल असा एकही प्रोग्राम नाही, आणि तो मुद्दाम दिलेला नाही. कोडचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांतच करायचे. नवा शब्द आला की त्याचं स्पेलिंग वहीत लिहून घ्या, कारण जावात लहान आणि कॅपिटल अक्षर वेगळं मोजलं जातं.

## सुरू करण्याआधीची तयारी

लॅपटॉप जुना असला तरी चालतो. ४ जीबी रॅमवर पहिले आठ टप्पे निभावतात, कारण नोटपॅड आणि कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) यांपलीकडे काही लागणार नाही. मोबाइलवर मात्र शिकू नका. मोबाइलचं ॲप फाइल सेव्ह करणं, कंपाइल करणं, चालवणं हे सगळं एका बटणात उरकतं, आणि नेमक्या याच तीन गोष्टी सुरुवातीला हातानं कराव्या लागतात. घरी यंत्र नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये रोज एक तास मिळतो का ते पाहा.

गणिताची चौकटीची वही घ्या. सहाव्या टप्प्यात तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वेळ रोज एक तास, सलग. रविवारी पाच तास बसून आठवडाभर सुट्टी घेतली, तर पुढच्या रविवारी पहिला तास आठवण्यातच जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करणार असाल तर सकाळी सहा ते सात ही वेळ धरा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी कूलरसमोर बसून कुणाचंही डोकं चालत नाही, आणि जुना लॅपटॉपही तापून मंद होतो.

शिकण्याचा स्रोत एकच ठेवा. एक पुस्तक, एक व्हिडिओमालिका किंवा एक शिक्षक. तीन ठिकाणी थोडं थोडं शिकणारी मुलं व्हेरिएबलचा धडा तीनदा पाहतात आणि ॲरेपर्यंत एकदाही पोचत नाहीत.

इशारा: जावा आणि जावास्क्रिप्ट या वेगवेगळ्या भाषा आहेत. व्हिडिओ सुरू करण्याआधी शीर्षक नीट वाचा. चुकीच्या भाषेत दोन आठवडे घालवून आलेली मुलं मी पाहिली आहेत.

## टप्पा १: जेडीके बसवणं

जावात प्रोग्राम लिहायला जेडीके लागतं. त्यात दोन कामाच्या गोष्टी असतात. 'जावासी' हा कंपायलर तुमची फाइल यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलतो, आणि 'जावा' ही आज्ञा ते रूप चालवते. नुसतं चालवणारं जावा यंत्रावर आधीपासून असू शकतं, पण त्यानं कंपाइल होत नाही.

आवृत्ती दीर्घकाळ आधार मिळणारीच घ्या. २१ (सप्टेंबर २०२३) किंवा २५ (सप्टेंबर २०२५), दोन्ही चालतील. ओरॅकलचं जेडीके घ्या किंवा अडॉप्टियमचं टेमुरिन, पण एकच घ्या. कॉलेजात अजून ८ शिकवत असतील तरी घाबरू नका, या लेखातला सगळा पाया दोन्हींत सारखाच आहे.

क्रम असा:

१. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जुन्या जावाच्या सगळ्या आवृत्त्या काढून टाका. कामाचं एखादं सॉफ्टवेअर जुन्या जावावर चालत असेल तर आधी घरच्यांना विचारा.

२. विंडोजसाठीची ६४ बिट इन्स्टॉलर फाइल उतरवा आणि चालवा.

३. इन्स्टॉलरमध्ये पाथमध्ये (विंडोज जिथे आज्ञा शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जोडण्याचा आणि जावा होम ठेवण्याचा पर्याय दिसला तर दोन्ही चालू करा. घाईघाईत 'नेक्स्ट नेक्स्ट' करू नका.

४. उघडे असलेले सगळे कमांड प्रॉम्प्ट बंद करा आणि नवा उघडा. ही पायरी वगळू नका. जुन्या खिडकीला नवा पाथ माहीतच नसतो. "सगळं बरोबर केलं तरी चालत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकलेले असतात.

५. आधी 'जावा', एक जागा, मग डॅश आणि लगेच 'व्हर्जन' असं टाइप करून एंटर दाबा. मग तेच 'जावासी' लिहून करा.

तपासणी: दोन्ही आज्ञांना उत्तरात तोच आकडा आला पाहिजे. दोन्हींत २१, किंवा दोन्हींत २५.

पहिली आज्ञा चालली आणि दुसरीला 'नॉट रेकग्नाइज्ड' आलं, तर जेडीकेचा बिन फोल्डर पाथमध्ये नाही. दोन्ही चालल्या पण आकडे वेगळे आले, तर जुनं जावा पाथमध्ये पुढे बसलं आहे. 'व्हेअर जावा' अशी आज्ञा दिली की कोणकोणत्या फोल्डरात जावा सापडलं ते ओळीनं दिसतं. सगळ्यात वरचं चालतं.

## टप्पा २: पहिला प्रोग्राम, नोटपॅडमध्ये

सी किंवा डी ड्राइव्हमध्ये सरळ नावाचा फोल्डर करा. नावात जागा नको, मराठी अक्षरं नकोत. डेस्कटॉपवर करू नका, तो कधी कधी क्लाउडशी जोडलेला असतो आणि मग फाइलचा पत्ता लांबलचक होतो.

फोल्डरच्या खिडकीत 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइलच्या नावाचं शेपूट दिसेल असं करा. हे केलं नाही तर नोटपॅड गुपचूप शेवटी '.टीएक्सटी' जोडतं, तुम्हाला फाइल '.जावा' दिसते, आणि कंपायलर म्हणतो फाइलच सापडत नाही. सेव्ह करताना प्रकार 'ऑल फाइल्स' निवडा.

आता लिहायचं. बाहेर 'पब्लिक क्लास' आणि क्लासचं नाव, मग महिरपी कंस. आत 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन', गोल कंसात स्ट्रिंगची ॲरे (मजकुरांची यादी), पुन्हा महिरपी कंस. त्याच्या आत 'सिस्टिम डॉट आउट डॉट प्रिंटएलएन', गोल कंसात दुहेरी अवतरणात एक वाक्य, आणि शेवटी ; (अर्धविराम). एकूण पाच ओळी. कंस उघडला की लगेच बंद करा आणि मग मध्ये जाऊन लिहा. ही सवय पहिल्या दिवशी लागली की पुढे बराच त्रास वाचतो.

'पब्लिक', 'स्टॅटिक', 'व्हॉइड' यांचा अर्थ आज कळला नाही तरी चालेल. 'स्टॅटिक'कडे नवव्या टप्प्यात आपण परत येऊ. आवृत्ती २५ मध्ये क्लास न लिहिता नुसती छोटी मेन लिहूनही प्रोग्राम चालतो, पण मी मुलांना जुनी पाच ओळींची चौकटच शिकवते. परीक्षेत आणि नोकरीतल्या जुन्या कोडमध्ये तीच समोर येणार आहे.

चालवण्याचा क्रम: सेव्ह करा, कमांड प्रॉम्प्ट त्या फोल्डरात न्या, 'जावासी' आणि शेपटासकट फाइलचं नाव. काहीच न बोलता पुढची ओळ आली म्हणजे कंपाइल झालं. मग 'जावा' आणि क्लासचं नाव, या वेळी शेपटाशिवाय.

इशारा: कोड बदललात, पण सेव्ह केलं नाही किंवा पुन्हा कंपाइल केलं नाही, तर जुनंच उत्तर येतं. बदल दिसत नसेल तर कोडवर शंका घेण्याआधी ही दोन कामं पाहा.

तपासणी: फोल्डर पुसून टाका आणि कुठेही न पाहता हे सगळं पुन्हा करा. तीन दिवस, रोज एकदा. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटांत झालं की पुढे जा.

## टप्पा ३: प्रोग्राम मुद्दाम मोडणं

हा टप्पा कुठल्याच व्हिडिओत मला दिसला नाही, आणि माझ्या मते सुरुवातीच्या महिन्यातला हाच सगळ्यात मोलाचा आहे. चालणारा प्रोग्राम घ्या. एका वेळी एकच गोष्ट बिघडवा, कंपाइल करा, आलेला संदेश वहीत शब्दशः उतरवा, दुरुस्त करा, मग पुढची.

१. ओळीच्या शेवटचा ; काढा. '; एक्स्पेक्टेड' असं येईल.

२. शेवटचा महिरपी कंस काढा. 'रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग'. हा संदेश आला की कंस मोजायला लागा.

३. बंद करणारं अवतरणचिन्ह काढा. 'अनक्लोज्ड स्ट्रिंग लिटरल'.

४. 'सिस्टिम'चं पहिलं अक्षर लहान करा. 'पॅकेज सिस्टिम डझ नॉट एक्झिस्ट'. संदेश पॅकेजबद्दल बोलतो आणि चूक एका अक्षराची असते, म्हणून हा नक्की लक्षात ठेवा.

५. 'स्ट्रिंग'चं पहिलं अक्षर लहान करा. 'कॅनॉट फाइंड सिंबल'. म्हणजे हे नाव कंपायलरच्या ओळखीचं नाही: स्पेलिंग चुकलं, अक्षर लहान-मोठं झालं, किंवा ते तुम्ही जाहीरच केलेलं नाही.

६. क्लासचं नाव बदला, फाइलचं तेच ठेवा. पब्लिक क्लास आणि फाइल यांचं नाव एकच हवं, असा संदेश येईल.

७. 'मेन'चं पहिलं अक्षर कॅपिटल करा. आता कंपाइल होतं! पण चालवताना मेन सापडत नाही. काही चुका कंपायलर पकडतो आणि काही फक्त चालवताना कळतात, हा फरक इथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

संदेश वाचताना कायम पहिलाच वाचा. एका ; मुळे दहा संदेश येऊ शकतात. पहिला दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. ओळीचा आकडा दिला असेल तर ती ओळ आणि तिच्या वरची ओळ, दोन्ही पाहा, कारण ; राहून जातो वरच्या ओळीत आणि बोंब होते खालच्या ओळीत.

## टप्पा ४: व्हेरिएबल आणि आकड्यांचे प्रकार

व्हेरिएबल म्हणजे किंमत साठवायची, नाव दिलेली जागा. सुरुवातीला तिचे चारच प्रकार पुरतात. पूर्णांकाला 'इंट', दशांशाला 'डबल', खरं-खोटं यासाठी 'बूलियन' आणि मजकुराला 'स्ट्रिंग'. बाकीचे नंतर.

आमच्याकडे एकीनं टक्केवारीचा प्रोग्राम लिहिला होता. ५०० पैकी ४३७ गुण. तिनं ४३७ भागिले ५०० गुणिले १०० असं लिहिलं आणि उत्तर आलं ०. अर्धा तास तिनं कंस बदलून पाहिले. कोडमध्ये एकही लाल संदेश नव्हता, म्हणून चूक कुठे शोधावी तेच तिला कळेना.

झालं असं की दोन्ही आकडे इंट होते. जावात इंटला इंटनं भागलं की दशांश भाग गळून पडतो. ४३७ भागिले ५०० म्हणजे ०, आणि शून्याला शंभरनं गुणलं तरी शून्यच. आधी ४३७ ला १००.० नं गुणा, मग ५०० नं भागा. शंभरच्या पुढचं ते '.०' आकडेमोड डबलमध्ये नेतं आणि उत्तर ८७.४ येतं. उत्तर साठवायची जागा नुसती डबल केली तर चालत नाही, कारण भागाकार त्याआधीच इंटमध्ये होऊन गेलेला असतो.

हाच स्वभाव कामालाही येतो. समजा एका क्रेटमध्ये १४४ संत्री मावतात आणि तुमच्याकडे १००० आहेत. १००० भागिले १४४ म्हणजे ६ भरलेले क्रेट. १००० % १४४ म्हणजे १३६ उरलेली संत्री. % हे चिन्ह इथे टक्क्यांचं काम करत नाही, बाकी काढतं.

आणखी दोन खड्डे. इंटची वरची मर्यादा २१४७४८३६४७ आहे. त्यात १ मिळवला की काहीही न सांगता आकडा -२१४७४८३६४८ होतो. मोठ्या आकड्यांना 'लाँग' वापरा. आणि पैसे डबलमध्ये ठेवू नका: डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज छापली की ०.३०००००००००००००००४ दिसते. शिकताना सगळी रक्कम पैशांत, लाँगमध्ये ठेवणं सोपं पडतं.

तपासणी: ७ भागिले २, ७.० भागिले २, ७ % २ आणि २ % ७ यांची उत्तरं आधी वहीत लिहा, मग चालवून पाहा. चारही जुळली पाहिजेत.

## टप्पा ५: अट, म्हणजे इफ

इफ-एल्स लिहायला सोपं आहे, म्हणून मुलं इथून घाईनं निघतात आणि तीन चुका बरोबर घेऊन जातात.

पहिली: अटीच्या गोल कंसानंतर लगेच ; टाकणं. कंपायलर गप्प बसतो, कारण त्याच्या दृष्टीनं 'अट खरी असेल तर काहीही करू नको' हे वैध वाक्य आहे. मग खालचा महिरपी कंसातला भाग अट खोटी असली तरी चालतो.

दुसरी: अटींचा क्रम. श्रेणी देताना '३५ किंवा जास्त' ही अट सर्वांत वर ठेवली, तर ९० गुणवालाही नुसता उत्तीर्णच दिसतो. एल्स-इफच्या साखळीत पहिली खरी अट सापडली की पुढच्या पाहिल्या जात नाहीत. मोठ्या आकड्यापासून खाली या.

तिसरी सगळ्यात फसवी. दोन मजकूर सारखे आहेत का हे == नं तपासणं. == फक्त एवढंच विचारतं की दोन्ही नावं एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का. कोडमध्ये थेट लिहिलेल्या दोन सारख्या स्ट्रिंग जावा एकाच जागी ठेवते, म्हणून तिथे == खरं येतं आणि तुमचा विश्वास बसतो. तोच मजकूर कीबोर्डवरून घेतला की == खोटं येतं. मजकुराची तुलना कायम 'इक्वल्स' नं करा.

इशारा: इफ नंतर एकच ओळ असली तरी महिरपी कंस द्या. उद्या दुसरी ओळ घालाल तेव्हा ती अटीच्या बाहेर पडणार नाही.

## टप्पा ६: लूप, आणि कागदावरची चाचणी

इथे दोन आठवडे थांबा. मी कुणालाच त्याआधी पुढे जाऊ देत नाही.

वहीत रकाने आखा. १ ते ५ ची बेरीज करणारं 'फॉर' लूप घ्या. पहिल्या रकान्यात मोजणारा व्हेरिएबल, दुसऱ्यात बेरीज. ओळीनं भरत जा: १ आणि १. २ आणि ३. ३ आणि ६. ४ आणि १०. ५ आणि १५. मग मोजणारा ६ होतो, अट खोटी ठरते, लूप संपतं. हा सहावा आकडा वहीत लिहिलाच पाहिजे. "लूप संपल्यावर मोजणाऱ्याची किंमत किती?" असं विचारलं की निम्मी मुलं पाच म्हणतात.

सुरुवात कुठून, अट कोणती, वाढ कितीनं, या तीन प्रश्नांची उत्तरं लूप लिहिण्याआधी मराठीत लिहा. < आणि <= यांत गफलत झाली की एक फेरी कमी किंवा जास्त होते. बेरीज लूपच्या आत जाहीर केली तर दर फेरीत ती पुन्हा शून्य होते. 'व्हाइल'मध्ये वाढवायची ओळ राहिली की लूप थांबतच नाही. तेव्हा खिडकी बंद करायची गरज नाही, कंट्रोल धरून सी दाबा.

सराव असा करा: पाढा, सम संख्यांची बेरीज, अंकांची बेरीज, संख्या उलटी करणं, अविभाज्य संख्या, चांदण्यांचा (* चिन्हांचा) त्रिकोण. त्रिकोणात लूपच्या आत लूप येतं. तिथे कुठली ओळ आतल्या लूपची आणि कुठली बाहेरच्या, हे वहीत दोन रंगांच्या पेनांनी लिहून पाहा.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल रोज विचारणा होते. या टप्प्यापर्यंत त्याला कोड मागू नका. संदेशाचा अर्थ विचारा, स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये कुठल्या ओळीपासून गडबड आहे ते विचारा. तयार लूप वाचून समजतं, पण त्यामुळे लिहिता येत नाही, आणि रिकाम्या फाइलची ती भीती इथूनच जन्म घेते.

तपासणी: मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. अविभाज्य संख्येचा प्रोग्राम कागदावर, मग यंत्रावर. ४५ मिनिटांत झाला तर पुढे.

## टप्पा ७: कीबोर्डवरून माहिती घेणं

इतके दिवस आकडे कोडमध्येच लिहायला सांगितले ते मुद्दाम, म्हणजे एका वेळी एकाच गोष्टीशी झुंज राहते. आता 'स्कॅनर' घ्या. फाइलच्या सर्वांत वर त्याची 'इम्पोर्ट' ओळ हवी.

चूक एकच, पण सगळेच करतात. 'नेक्स्ट इंट' नं वय घेतलं आणि नंतर 'नेक्स्ट लाइन' नं नाव विचारलं, की प्रोग्राम नावासाठी थांबतच नाही. नेक्स्ट इंट फक्त आकडा उचलतं. तुम्ही दाबलेलं एंटर मागे उरतं, आणि नेक्स्ट लाइन ते उरलेलं एंटर वाचून रिकामी ओळ देतं. सरळ उपाय: सगळं नेक्स्ट लाइननंच घ्या आणि आकडा हवा तिथे 'इंटिजर डॉट पार्सइंट' नं बदला.

## टप्पा ८: मेथड आणि ॲरे

एकच काम दोनदा लिहावं लागलं की त्याची मेथड, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, करा. मेथडनं छापू नये, उत्तर 'रिटर्न' करावं. छापण्याचं काम मेनमध्ये. सुरुवातीची बहुतेक मुलं मेथडमध्येच छापून मोकळी होतात, आणि मग ते उत्तर पुढच्या हिशेबात वापरायची वेळ आली की अडतात.

ॲरेची मोजणी शून्यापासून. मेट्रोची ॲक्वा लाइन घ्या. सीताबर्डी, झाशी राणी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, शंकर नगर चौक, एलएडी चौक ही पाच स्थानकं ॲरेत ठेवली तर सीताबर्डी ० वर आणि एलएडी चौक ४ वर. ५ मागितलं की 'इंडेक्स ५ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ५' येतं. या संदेशात मागितलेला क्रमांक आणि ॲरेची लांबी दोन्ही दिलेलं असतं, ते वाचा. लूपची अट 'लेंग्थपेक्षा लहान' अशीच ठेवा, <= नको. सध्या नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरी छापताना विंडोजची खिडकी प्रश्नचिन्हं दाखवू शकते, आणि तो विषय आत्ता नको.

## टप्पा ९: क्लास आणि ऑब्जेक्ट

कळमन्याच्या मुलाला क्लास समजला तो पावतीवरून. कोरं पावतीपुस्तक म्हणजे क्लास: शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, हमाली, तोलाई यांच्या जागा छापलेल्या. भरलेली एक एक पावती म्हणजे ऑब्जेक्ट. एकूण रक्कम काढणारी मेथड त्याच क्लासात.

त्यानं 'ॲरेलिस्ट' (वाढत जाणारी यादी) घेऊन पाच शेतकऱ्यांच्या पावत्या भरल्या आणि यादी छापली. पाचही ठिकाणी शेवटच्याच शेतकऱ्याचं नाव आणि वजन. चूक एका ओळीच्या जागेत होती. नवा ऑब्जेक्ट बनवणारी 'न्यू' ची ओळ लूपच्या बाहेर होती, म्हणजे पावती एकच फाडली होती आणि तिच्यावरच पाचदा खोडून लिहिलं होतं. यादीत त्याच एका पावतीकडे दाखवणारी पाच बोटं होती. न्यू लूपच्या आत घेतलं आणि पाच पावत्या झाल्या.

मेनमधून दुसरी मेथड बोलावताना 'नॉन स्टॅटिक... कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट' आलं की मुलं दिसेल तिथे स्टॅटिक लावत सुटतात. असं करू नका. स्टॅटिक म्हणजे पुस्तकाची गोष्ट, पावतीची नव्हे. वजन स्टॅटिक केलं तर सगळ्या पावत्यांना एकच वजन. आधी न्यू नं ऑब्जेक्ट बनवा आणि त्याच्याकडून मेथड चालवा.

'नल पॉइंटर एक्सेप्शन' म्हणजे बोट आहे, पण समोर वस्तू नाही. नव्या आवृत्त्यांत कुठलं नाव नल आहे ते संदेशातच सांगितलेलं असतं.

तपासणी: एकाच ऑब्जेक्टला दोन नावं द्या, एका नावानं वजन बदला, दुसऱ्या नावानं छापा. काय येईल ते आधी वहीत.

## टप्पा १०: आयडीई, आणि एक पूर्ण प्रोग्राम

आता आयडीई, म्हणजे कोड लिहिणं, चालवणं, तपासणं एकाच ठिकाणी करणारं सॉफ्टवेअर टाका: इंटेलिजे आयडिया, इक्लिप्स किंवा व्हीएस कोड. इंटेलिजेसाठी ८ जीबी रॅम असेल तर बरं, आणि मोफत मिळतं तेवढंच शिकायला पुरेसं आहे. पहिल्या दिवशी फक्त डीबगर शिका: ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावा, एक एक ओळ पुढे जा. वहीतले रकाने पडद्यावर भरताना दिसतील. ज्यांनी वही भरली नाही त्यांना डीबगरही नुसते हलणारे आकडे वाटतात.

त्यानंतर 'हॅशमॅप' (नावावरून किंमत शोधता येणारी जोड्यांची यादी), एक्सेप्शन (चालताना येणारी चूक) हाताळणं, फाइलमध्ये लिहिणं-वाचणं. ती चूक पकडणारा 'कॅच' रिकामा ठेवू नका. रिकामा कॅच चूक गिळतो आणि तुम्ही दिवसभर भलतीकडे शोधत बसता. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिटही इथेच सुरू करा, रोजच्या कामाचा एक कमिट (नोंद). डेटाबेसची भाषा एसक्यूएल त्यानंतर, आणि स्प्रिंग बूट त्याच्याही नंतर.

प्रोग्राम स्वतःच्या घरातला, दुकानातला निवडा: किराण्याची उधारी, शिकवणीची हजेरी, आडतीचा हिशेब. ग्रंथालय व्यवस्थापन नको, त्याच्या शेकडो तयार प्रती नेटवर पडल्या आहेत आणि मोह आवरत नाही. नोंद घालणं, यादी पाहणं, शोधणं, बंद करून पुन्हा उघडल्यावर नोंदी जागेवर असणं, एवढं झालं की पुरे.

तपासणी: ज्याला प्रोग्रामिंगचा गंध नाही अशा माणसाला तो वापरायला द्या. शेजारी बसा, पण काही सांगू नका. तो काय टाइप करतो ते वहीत लिहा.

आमच्या मुलानं आपला हिशेब आडतीवरच्या दिवाणजींना दिला. त्यांनी वजनाच्या जागी "१२५ किलो" असं लिहिलं आणि प्रोग्राम 'नंबर फॉरमॅट एक्सेप्शन' देऊन बंद पडला. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा वजन चुकलं तर पुन्हा विचारणारं आठ ओळींचं लूप त्यानं लिहून आणलं होतं, कुणालाही न विचारता.